स्कॅन झाले, नोंदीचे काय? मराठी डिजिटल ग्रंथांच्या मेटाडेटाचा आढावा

हरि नारायण आपट्यांची एखादी कादंबरी इंटरनेटवर सापडेल की नाही, हे पुष्कळदा ती तिथे आहे की नाही यावर ठरतच नाही. शोधणाऱ्याने देवनागरी वापरली की रोमन, रोमनमध्ये ‘क्ष’साठी कोणती अक्षरे टाकली, ‘हरि’ लिहिले की ‘हरी’, यावर ते ठरते. स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी नुसते चित्र असते. त्या चित्राला शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, विषय ही माहिती कोणीतरी जोडली, तरच ते पुस्तक म्हणून हाती लागते. या जोडलेल्या माहितीला वर्णनात्मक मेटाडेटा म्हणतात. ती किती जोडायची, फाइलच्या आत ठेवायची की बाहेर, माणसाने जोडायची की यंत्राने, यावर ग्रंथालयांत आणि सॉफ्टवेअरच्या जगात गेली तीसेक वर्षे चर्चा चालू आहे. मराठीत ही चर्चा फारशी झाली नाही, तिचे परिणाम मात्र आपल्या वाट्याला पुरेपूर आले. म्हणून या आढाव्यात उदाहरणे शक्यतो स्कॅन झालेल्या मराठी छापील ग्रंथांचीच घेतली आहेत.

सूचीपासून संगणकापर्यंत

मराठी पुस्तकांच्या नोंदींचा इतिहास संगणकाहून बराच जुना आहे. १८६७च्या कायद्याने छापखान्यांवर पुस्तकांची नोंदणी बंधनकारक केली आणि मुंबई इलाख्यात दर तिमाहीला नव्या पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मराठी आणि गुजराती पुस्तकांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ची. पण मराठी अभ्यासक ज्या सूचीकडे आजही आधी वळतो ती शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातले ग्रंथ आहेत. हे काम त्यांनी कोणत्याही यंत्राविना केले. आजच्या कित्येक डिजिटल नोंदी तपासायच्या झाल्या तर अखेर ‘दाते सूची’च उघडावी लागते. यंत्रांच्या प्रगतीविषयी बोलताना हे विसरू नये.

संगणकाकडची वाट अमेरिकेतून आली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांनी १९६०च्या दशकात मार्क ही नोंदपद्धत उभी केली. त्या मूळच्या प्रोग्रामर, ग्रंथपाल नव्हेत. मार्कमध्ये प्रत्येक गोष्टीला क्रमांकाचे वेगळे घर असते. शीर्षक २४५मध्ये, मुख्य लेखक १००मध्ये. पद्धत काटेकोर आहे, पण ती शिकायला वर्षे लागतात. वेब आल्यावर प्रश्न उभा राहिला की लाखो डिजिटल वस्तूंसाठी इतके प्रशिक्षित हात आणायचे कुठून? मार्च १९९५मध्ये ओहायो राज्यातील डब्लिन गावी पन्नासेक लोक जमले आणि त्यातून डब्लिन कोअर निघाले. पुढे पंधरा घटकांवर स्थिरावलेला हा संच २००३मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. पंधरापैकी कोणताही घटक सक्तीचा नाही आणि प्रत्येक कितीही वेळा वापरता येतो. ही सोय आणि हाच दोष, यावर आजही एकमत नाही.

२००१मध्ये एका संग्रहातील नोंदी दुसऱ्याने यंत्राने गोळा करण्याची ओएआय-पीएमएच ही पद्धत आली. २००२मध्ये एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून डीस्पेस हे सॉफ्टवेअर बाहेर काढले. इन्फ्लिबनेटचा ‘शोधगंगा’ हा पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह त्याच्यावरच चालतो. २००९च्या यूजीसी नियमांनंतर पीएच.डी. प्रबंधाची डिजिटल प्रत देणे विद्यापीठांना भाग पडले आणि महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांची डब्लिन कोअरच्या चौकटींशी गाठ पडली ती बहुधा तिथेच. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. तेही मुख्यतः अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून शोधाची सोय देते.

नोंद फाइलमध्ये की फाइलबाहेर

पहिला मतभेद जागेचा. पीडीएफमध्ये शीर्षक, लेखक, विषय, कळशब्द असा एक छोटा माहितीकोश फार पूर्वीपासून आहे. अडॉबीने २००१मध्ये त्याच्या जोडीला एक्सएमपी आणले. त्यात डब्लिन कोअरचे घटक बसतात, आणि मराठीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे एकच शीर्षक अनेक भाषांत, प्रत्येकावर भाषेची खूण करून ठेवता येते. देवनागरी शीर्षक आणि रोमन लिप्यंतर शेजारी शेजारी राहू शकतात. दीर्घकाळ जतनासाठीच्या पीडीएफ-ए प्रकारात एक्सएमपी सक्तीचे आहे, आणि जुन्या माहितीकोशातली नोंद त्याच्याशी जुळावी असा नियम आहे.

प्रत्यक्षात मराठी पीडीएफच्या शीर्षकाच्या जागी काय असते? पेजमेकरच्या फाइलचे नाव, ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ने सुरू होणारी एखादी ओळ, नाहीतर स्कॅनरने टाकलेली तारीख-वेळ. कोणी भरले नाही म्हणून सॉफ्टवेअरने आपल्या मनाने भरले, एवढेच.

दुरुस्तीची साधने विपुल आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. फिल हार्वी यांचे एक्झिफटूल २००३पासून उपलब्ध आहे. एका आज्ञेत हजार फाइलींत लेखकाचे नाव घालता येते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा लागतो. पीडीएफमध्ये ते नवी माहिती शेवटी जोडते, जुनी पुसत नाही. म्हणजे चुकीची किंवा खासगी माहिती फाइलच्या पोटात राहतेच. कोविद गोयल यांचे कॅलिबर घरगुती ग्रंथसंग्रहासाठी लोकप्रिय आहे. ते माहिती आपल्या डेटाबेसमध्ये आणि पुस्तकाशेजारच्या वेगळ्या फाइलीत ठेवते. मूळ फाइलमध्ये ती घालायची तर वेगळे सांगावे लागते. आयएसबीएन दिला की इतर माहिती ते स्वतः शोधून आणते. पण आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाले तेच १९७०मध्ये. त्याआधीच्या सगळ्या मराठी पुस्तकांसाठी हा मार्ग बंद.

फाइलच्या आत नोंद ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. व्हॉट्सॲपवरून पुस्तक एका गटातून दुसऱ्या गटात जाते, फाइलचे नाव बदलते, संकेतस्थळ बंद पडते; आतली नोंद मात्र दस्तऐवजासोबत जाते. छायाचित्रांना हे लागू नाही, कारण तिथे चित्र लहान करताना आतली माहिती गळते. बाहेर ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दाही तितकाच खरा आहे. चूक सुधारायची तर डेटाबेसमध्ये एकदा सुधारता येते, फिरत असलेल्या हजार प्रतींत नाही. शिवाय फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तिची डिजिटल ओळखखूण बदलते आणि जतन करणाऱ्या संस्थेला मूळ प्रत अबाधित आहे हे सिद्ध करणे अवघड होते. मोठ्या संस्था बहुधा मूळ प्रतीला हात लावत नाहीत आणि वाचकाला द्यायच्या प्रतीत नोंद घालतात. लहान ग्रंथालयाकडे दोन प्रती सांभाळायला जागा आणि माणूस असेल का, हा वेगळा प्रश्न.

किती माहिती पुरे

दुसरा मतभेद अधिक खोल आहे. २००१मध्ये लेखक कोरी डॉक्टरो यांनी मेटाडेटाच्या स्वप्नाची एका गाजलेल्या निबंधात खिल्ली उडवली. माणसे आळशी असतात, खोटे लिहितात, आपल्याच गोष्टीचे धड वर्णन करू शकत नाहीत, असा त्यांचा रोख होता. २००५मध्ये क्ले शर्की यांनी वर्गीकरणाच्या उतरंडी कपाटाच्या मर्यादेतून आल्या असे मांडले. डिजिटल वस्तूला एकाच खणात ठेवायची गरज नाही, लोकांनी स्वतः लावलेले टॅग पुरे. २००६मध्ये कॅरन कॅल्हून यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेल्या अहवालात हाताने लावायच्या विषयशीर्षकांचा खर्च परवडतो का, असा प्रश्न केला. त्याच संस्थेतील संदर्भ ग्रंथपाल टॉमस मान यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. शब्दशोधाने ‘काहीतरी’ सापडते, अभ्यासकाला मात्र त्या विषयावरचे सगळे हवे असते, आणि ते नियंत्रित विषयशीर्षकांशिवाय जमत नाही, हा त्यांचा आग्रह.

पूर्ण मजकूर शोधता येत असेल तर नोंदीची गरजच काय, या म्हणण्याची परीक्षा गूगल बुक्सवर झाली. २००९मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नुनबर्ग यांनी तिथल्या नोंदींतील ढोबळ चुका दाखवल्या. कितीतरी पुस्तकांवर १८९९ हे वर्ष पडले होते, विषय भलतेच होते. गूगलच्या बाजूने उत्तर आले की कित्येक चुका बाहेरून घेतलेल्या नोंदींतून आल्या आहेत. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि त्यामुळे मूळ प्रश्न सुटला नाही. शब्द केव्हा वापरात आला हे तपासणाऱ्याला प्रकाशनवर्ष चुकीचे मिळाले, तर संपूर्ण मजकूर हाती असूनही उपयोग शून्य.

आपल्याकडची मोठी परीक्षा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकारातून लाखो पुस्तके स्कॅन झाली. काम पुस्तकांच्या संख्येवर मोजले जात होते. नोंद हा त्यातला घाईने उरकायचा भाग. शीर्षके रोमनमध्ये, लिप्यंतराची पद्धत एक नाही, लेखकाच्या जागी कधी संपादक तर कधी ‘नॉट अव्हेलेबल’. मूळ संकेतस्थळ बंद पडण्याच्या सुमारास कार्ल मालमूद यांच्या प्रयत्नातून चार लाखांहून अधिक पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर गेली. पुस्तके बचावली, हे मोठेच काम. त्यांच्यासोबत नोंदीही जशाच्या तशा गेल्या. आज मराठीचा हौशी वाचक जुने पुस्तक शोधताना चित्रविचित्र रोमन स्पेलिंगे टाकून पाहतो, तो याच वारशामुळे.

मराठीच्या गाठी

इथे विषय खरा गुंतागुंतीचा होतो आणि परदेशी चर्चा फारशी कामाला येत नाही.

आधी अक्षरे. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपीसारख्या फाँटांत बनलेल्या पीडीएफ डोळ्यांना सुंदर मराठी दिसतात. त्यातला मजकूर काढला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा मिळतो. अशा फाइलवर मजकूर वाचून नोंद सुचवणारे कोणतेही साधन लावा, ते आंधळेच. युनिकोडमध्येही सगळे सरळ नाही. ‘कादंबऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ हे २००८पासून स्वतंत्र अक्षर आहे, त्याआधी ‘अ’ला चंद्र लावत, आणि आजही अनेक कळफलक तसेच करतात. नेहमीच्या युनिकोड सामान्यीकरणाने या जोड्या एक होत नाहीत. त्यासाठी मराठीपुरता वेगळा नियम लिहावा लागतो.

मग शुद्धलेखन. १९६२चे नियम येण्यापूर्वीच्या शीर्षकांत अनुच्चारित अनुस्वार आहेत: ‘नाहीं’, ‘कांहीं’. नोंदीत शीर्षकपानावर आहे तसे लिहावे, हा ग्रंथपालाचा धर्म. वाचक आजच्या लेखनाने शोधतो. दोन्ही लेखने ठेवावीत हे उत्तर सगळ्यांना मान्य असते. दुसरे भरायला वेळ कोणाला नसतो. ‘यमुनापर्यटन’ एक शब्द की दोन, त्याचा लेखक ‘पदमनजी’ की ‘पद्मनजी’, हे प्रश्न याच जातीचे. नोंदी सारख्या करायला ओपनरिफाइन हे उत्तम साधन आहे. ते मिळतीजुळती नावे गटात लावून देते. पण त्यातल्या उच्चारावर चालणाऱ्या पद्धती इंग्रजी, जर्मन अशा भाषांसाठी घडवलेल्या. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बाजूला ठेवून जुळवणी करणारी पद्धत स्वतः बनवून घ्यावी लागते.

कालगणनेचा तिढा छोटा पण चिवट. शीर्षकपानावर नुसते ‘शके १८२१’ असते. शकात ७८ मिळवायचे की ७९ हे महिन्यावर ठरते, आणि महिना बहुधा दिलेला नसतो. सॉफ्टवेअरला चार अंकी इसवी सन हवा, म्हणून भरणारा १८९९ टाकतो आणि संदिग्धता नाहीशी होते. ‘१८९९ किंवा १९००’ असे यंत्राला कळेल अशा रीतीने लिहिण्याची सोय २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय तारीखमानकाच्या दुसऱ्या भागात आली आहे. ग्रंथालयांच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरात ती अभावानेच दिसते.

सर्वांत अवघड गाठ नावांची. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम ही एकाच माणसाची नावे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले. लेखिका तेव्हा बाळूताई खरे होत्या, पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. शीर्षकपानापुरते पाहणाऱ्या नोंदीत या तीन वेगळ्या बाया होतात. संतांना आडनाव नाही, आणि ‘ज्ञानेश्वरी’च्या बाबतीत तर कृती एक, शीर्षके दोन आणि राजवाडे प्रतीपासून शासकीय प्रतीपर्यंत पाठ निराळे. भारतीय नावांचा प्रश्न ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी आपल्या १९३४च्या तालिका-संहितेतच हाताळला होता. त्यावरचा मान्य उपाय म्हणजे अधिकृत नामसूची: एका व्यक्तीला एक ओळखक्रमांक आणि त्याखाली तिची सर्व नावे. मराठी लेखकांसाठी सर्व ग्रंथालयांनी मानलेली अशी सूची अजून नाही. विकिडेटा हा २०१२पासून चालणारा खुला प्रकल्प ती उणीव काही अंशी भरून काढतो. ओपनरिफाइनमधून त्याच्याशी नावे जुळवता येतात. स्वयंसेवकांच्या आवडीप्रमाणे तिथे प्रसिद्ध लेखकांच्या नोंदी भरघोस आहेत, आणि एकच पुस्तक लिहिलेल्या शाळामास्तरांच्या जवळजवळ नाहीत.

या नावांवर कायदाही उभा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११पासून कोणालाही छापता येतात. मालतीबाई २००१पर्यंत होत्या, तेव्हा ‘कळ्यांचे निःश्वास’ २०६१च्या अखेरीपर्यंत हक्कांत आहे. टोपणनावामागची व्यक्ती नोंदीत जोडली नाही आणि नोंद करणाऱ्याने नुसते १९३३ पाहिले, तर निष्कर्ष चुकतो. डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांत लेखकाच्या मृत्युवर्षाला स्वतंत्र जागा नाही.

यंत्र नोंद करते तेव्हा

यंत्राने विषय ठरवण्याचे प्रयोग भाषिक प्रारूपांची (लँग्वेज मॉडेलांची) लाट येण्याआधीचे आहेत. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ॲनिफ हे खुले सॉफ्टवेअर त्यासाठी बनवले. जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७मध्ये यांत्रिक विषयनोंदीचा विस्तार छापील पुस्तकांच्या काही गटांपर्यंत करायचे ठरवले, तेव्हा बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाचे प्रमुख क्लाउस सेनोव्हा यांनी वर्तमानपत्रातून जाहीर विरोध केला. जर्मन ग्रंथपालांत त्यावर बरीच वादावादी झाली. राष्ट्रीय ग्रंथालयाची बाजू अशी की प्रकाशनांचा लोंढा इतका आहे की पर्याय हाताने केलेली नोंद हा नसून कोणतीच नोंद नसणे हा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२पासून ई-पुस्तकांवर असेच प्रयोग केले. शीर्षक, लेखक, ओळखक्रमांक ही माहिती यंत्राने बऱ्यापैकी काढली. विषय ठरवताना ते पुष्कळ चुकले.

मराठीत हे कितपत लागू पडते? स्वच्छ छपाईच्या पुस्तकाचे शीर्षकपान आजची प्रारूपे चांगले वाचतात. शिळाछापाच्या किंवा झिजलेल्या टाइपाच्या पानावर ती अडखळतात. अडचण अशी की ती अडखळल्याचे सांगत नाहीत. प्रकाशकाचे नाव पुसट असेल तर शोभेलसे एखादे नाव बसवून देतात. जुन्या स्कॅन प्रकल्पातली ‘नॉट अव्हेलेबल’ ही नोंद निदान प्रामाणिक होती. म्हणून यंत्राने सुचवावे, माणसाने तपासावे, असा मध्यम मार्ग बहुतेक जण सांगतात. तो पटण्यासारखा आहे. फक्त तपासणाऱ्याचा वेळ वाचतो किती, हे मराठीसाठी कोणी मोजायला हवे. शेकडो बरोबर नोंदींमधली एक गुळगुळीत चूक पकडणे हे कोऱ्या फॉर्मवर माहिती भरण्यापेक्षा सोपे असेलच असे नाही. माझा कल सावध बाजूकडे आहे: यंत्राने भरलेल्या प्रत्येक घटकावर तशी खूण राहावी आणि ती माणसाने तपासल्यावरच निघावी.

जे ठरलेले नाही

लिप्यंतराचा प्रश्न अर्धवट आहे. परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी अमेरिकी लिप्यंतर नियमांनी रोमनमध्ये होत आल्या. आपली राष्ट्रीय ग्रंथसूचीही सर्व भाषा रोमनमध्येच छापत आली. आयएसओचे २००१चे लिप्यंतर मानक आहे, पण टिंबे आणि आडव्या रेघा घालून शोध घेणारा वाचक विरळा. देवनागरी नोंद मूळ मानावी आणि रोमन यंत्राने काढावी, असा सूर आता वाढतो आहे. टिंबांविना केलेल्या लाखो जुन्या नोंदी उलट दिशेने, रोमनमधून देवनागरीत न्यायच्या म्हटल्या तर ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ वेगळे करायला पुस्तकच उघडावे लागते.

काम कोणी करायचे, हेही मोकळेच आहे. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतली मोठी संख्या छोट्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गांची. कोहा, ई-ग्रंथालय, सोल अशी सॉफ्टवेअरे फुकट किंवा अल्प खर्चात मिळतात. पण एकेका ग्रंथालयाने तेच पुस्तक पुन्हा पुन्हा नोंदवण्याऐवजी एकाने केलेली मराठी नोंद इतरांनी उचलण्याची व्यवस्था रुळलेली नाही. युरोपात युरोपियाना या प्रकल्पाने २०१२मध्ये आपल्या सर्व नोंदी कोणत्याही अटीविना मुक्त केल्या. आपल्याकडे नोंदींवर हक्क कोणाचा, हे बहुतेक संस्थांनी लेखी सांगितलेलेच नाही.

आणि दुरुस्ती मागे जात नाही. ओएआय-पीएमएचने नोंद एका संग्रहातून दुसऱ्यात येते. दुसऱ्याने सुधारलेली नोंद पहिल्याकडे परत पाठवायची सोय त्या पद्धतीत नाही. मराठी विकिस्रोतावर एखादा स्वयंसेवक शीर्षकपान पाहून वर्ष आणि लेखक दुरुस्त करतो. इंटरनेट आर्काइव्हवरची चुकीची नोंद तशीच राहते, आणि पुढचा गोळा करणारा तिथूनच उचलतो. सुधारणा कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केली हे सोबत पाठवणारी आणि मूळ संस्थेला ती स्वीकारायला किंवा नाकारायला लावणारी पद्धत तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण ती मानायची तर आपल्या संग्रहात बाहेरच्या माणसाला चूक दाखवू द्यावी लागते, आणि आलेली दुरुस्ती वाचायला एक पगारी माणूस नेमावा लागतो.